चुगलखोर गोळी

झिलईमास्तरांनी आयुष्यात दोनच गोष्टी मन लावून केल्या. लाकूड चमकवलं आणि थापा मारल्या. तिसरी गोष्ट दारू. पण ती त्यांनी केली असं म्हणणं अन्यायाचं होईल. तिनंच त्यांचं जे करायचं ते केलं.

लाकडाला पॉलिश करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता आणि थापांमध्ये तर त्यांच्या जवळपासही कुणी फिरकत नसे. एका वकिलाच्या कपाटाला त्यांनी अशी झिलई दिली होती म्हणे, की चोरी करायला आलेला चोर दारात स्वतःचं तोंड बघून ओशाळला आणि वकिलाकडेच सल्ला विचारायला बसला. एका टेबलावरून घसरून माशीचा पाय मोडला, तर मास्तरांनी काडेपेटीतली काडी चिरून तिला फळी बांधून दिली. हे सगळं ते शपथेवर सांगत. शपथ घेताना हात काळजावर, डोळा समोरच्या गुत्त्याकडे.

त्यांची बायको कपडे शिवायची. दिवसभर तोंडात टाचण्या, त्यामुळे बोलणं मोजकं आणि ओठांच्या कोपऱ्यातून. पण एकेक टाचणी काढून उशीत खोचायला लागली, की आता मोठं काहीतरी ऐकायचं आहे हे घरातल्या भांड्यांनासुद्धा समजे.

त्या कपाटाच्या प्रकरणानंतर तिनं सगळ्या टाचण्या काढल्या.

प्रकरण असं. एक नवं कपाट पॉलिश करता करता मास्तर आतल्या बाजूला पोचले, खिशातली बाटलीही त्यांच्याबरोबर पोचली, आणि दोघांनी तिथंच अंग टाकलं. त्यांचा मेहुणा सामान पोचवायचा टेम्पो चालवायचा. त्यानं कपाट उचललं, "आजकाल लाकूड जड यायला लागलंय" असं म्हणत टेम्पोत चढवलं आणि गिऱ्हाइकाच्या तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवलं. नवीन लग्न झालेलं जोडपं. बाईंनी हौसेनं दार उघडलं, आणि मास्तर ताठ मानेनं बाहेर येऊन म्हणाले, "पॉलिशचा हात ओला आहे. बोट लावू नका."

मास्तरांच्या आयुष्यातली ही एकमेव खरी गोष्ट, आणि नेमकी तीच लोकांना थाप वाटे.

"आता ऐका," बायको म्हणाली. "मी माहेरी वगैरे जाणार नाही. घर माझ्या मशीनवर उभं आहे. जायचं तर तुम्ही जाल. उद्या डॉक्टरकडे चला. त्यानंतर पुन्हा एकदा जरी प्यायलात, तर मी कुलूप बदलीन. रडणार नाही, ओरडणार नाही. कुलूप बदलीन."

"ताई, दाजींना कुलूप कशाला?" मेहुणा म्हणाला. "कपाटात ठेव ना."

मास्तर हसले नाहीत. बायको ओरडली असती तर त्यांनी तिला तासाभरात हसवलं असतं. पण ती इतक्या हळू बोलली होती, की त्यांच्या पायाखालची फरशी हलली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई सडपातळ, चष्म्यावरून बघणाऱ्या. जुनी दारू एकदम तोडली तर शरीर उलटतं, म्हणून त्यांनी मास्तरांना आधी इस्पितळात ठेवून घेतलं. घाम, थरथर, डोळ्यांपुढं किडे, सगळं औषधांच्या आधारानं पार पडलं. रक्त तपासलं, यकृत तपासलं, आणि मग समोर बसवून एक पांढरी गोळी दाखवली.

"ही रोज सकाळी घ्यायची, बाईंच्या देखत. ही पोटात असताना दारू घेतलीत, तर चेहरा लालभडक होईल, छाती धडधडेल, उलट्या होतील. जीवावरही बेतू शकतं. म्हणजे दारू घ्यायचीच नाही. दारू ज्यात ज्यात असते, तेही टाळायचं. खोकल्याची काही औषधं, अत्तरं, दाढीनंतर लावायचं पाणी..."

मास्तरांचं लक्ष नव्हतं. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर कुणीतरी व्हार्निशचे ओघळ सोडले होते आणि ते बघून मास्तरांना मळमळत होतं.

"तुमचं काम काय?" बाईंनी विचारलं.

त्या क्षणी बायको बाहेर औषधं आणायला गेलेली. समोर शिकलेली बाई. मास्तरांची जीभ आपोआप घसरली. "फर्निचरचा व्यापार," ते म्हणाले. "तीन दुकानं आहेत. मी फक्त गल्ल्यावर बसतो."

ही त्यांची आयुष्यातली सगळ्यात छोटी थाप. सगळ्यात महाग तीच पडली.

"म्हणजे गोळी चुगली करणार," बाहेर आल्यावर मेहुणा खूश होऊन म्हणाला. "ताई, तुझ्या घरात पोलीस आला गं!"

गोळीबरोबर आणखी एक माणूस मिळाला. समुपदेशक. गोल, टकला, मांजरासारखा शांत. मास्तरांनी त्याचं नाव पाडलं मगकाय, कारण काहीही सांगा, तो पुढं सरसावून विचारी, "मग काय झालं?" मास्तरांना असा श्रोता जन्मात मिळाला नव्हता. त्यांनी त्याला माशीची गोष्ट सांगितली. चोराची सांगितली. मगकायनं सगळं ऐकलं आणि एके दिवशी म्हणाला, "आता पिण्याची सांगा. तलफ येते तेव्हा काय होतं?"

"येते आणि मी जातो."

"त्याच्या मधे काय होतं?"

मधे काही असतं हेच मास्तरांना ठाऊक नव्हतं. मग बैठकीमागून बैठक ते मधलंच शोधलं गेलं. तलफ कुठं उठते? घशात. कधी? काम संपत आलं की, कुणी हिणवलं की, हात रिकामे पडले की. काय म्हणते? "एकच." आणि नाही गेलं तर? "ते मी कधी करून नाही पाहिलं," मास्तर म्हणाले.

"बघा करून. ती चढते, शिगेला पोचते आणि उतरते. तुम्ही फक्त मधे पडायचं नाही."

घरी रोज सकाळी सोहळा. बायको गोळी पाण्याबरोबर द्यायची, मास्तर गिळायचे, मग ती टाचण्यांमधून म्हणायची, "जीभ वर करा." मास्तर जीभ वर करायचे. "डावीकडे." डावीकडे. "मिटा." वीस वर्षांच्या संसारात तिनं त्यांच्याकडे इतकं निरखून कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायला लागलं होतं.

अशात एक काम आलं, आणि तेही साधं नव्हे. संगीतशाळेचा मोठा पियानो. जुना, पाणी पडून पांढरे डाग उठलेला, पाठ खरवडलेल्या म्हाताऱ्या बैलासारखा. वार्षिक कार्यक्रमाला तो उभा करायचा होता. मास्तरांनी आधी जुनं पॉलिश खरवडलं, काचपेपरनं घासलं, लाकडाची छिद्रं बुजवली. सगळं कोरडं काम. गोळीची आणि त्यांची दोस्ती छान चालली होती.

मग खरं पॉलिश सुरू करायचा दिवस उगवला. बाहेर कडाक्याची थंडी. मास्तरांनी खिडक्या लावल्या, दाराच्या फटीत फडकी कोंबली. ओल्या हातावर धुळीचा एक कण बसला तरी त्यांना झोप येत नसे. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवली, कापसाची गुंडी मलमलीत बांधली, पियानोवर वाकले आणि गोल गोल फिरवायला लागले. गुंडी सुकली की पुन्हा बुडवायची, बोटांनी दाबायची, पुन्हा फिरवायची. लाकूड खालून उजळायला लागलं. मास्तर सुखावले.

आणि कान तापले. मग गाल. मग छातीत कुणीतरी गोदामातली पिंपं लोळवायला लागलं. मास्तर पियानोच्या पायाला धरून खाली बसले आणि बादलीत मनसोक्त ओकले.

नेमका तेव्हाच मेहुणा दार ढकलून, पियानोचं स्टूल घेऊन आत आला. त्यानं दाजींचा टोमॅटोसारखा चेहरा पाहिला. बादली पाहिली. स्टूल खाली ठेवलं आणि त्यावर बसला.

"पोलिसानं पकडलं तर," तो म्हणाला. पण आवाजात मजा नव्हती. "काय हे दाजी. ताई इतकी..." त्यानं मास्तरांना उचलून टेम्पोत घातलं. मोकळ्या हवेत धडधड जरा उतरली, पण चेहरा दिव्यासारखा पेटलेलाच होता.

बायकोनं दार उघडलं. पाहिलं. तोंडातली पहिली टाचणी काढली.

"मी प्यायलो नाही," मास्तर म्हणाले.

दुसरी टाचणी.

"अगं, पियानोच्या आत एक उंदीर... म्हणजे त्या शाळेतल्या गायनबाईंनी काढा दिला... नाही, ऊन लागलं."

"या थंडीत?"

मास्तरांना स्वतःचंच बोलणं ऐकू येत होतं. पन्नास वर्षं जी जीभ मागितली ती गोष्ट काढून देत होती, तिला आज एक खरं वाक्य उचलता येईना. शेवटची टाचणी उशीत गेली. बायको हातात कुलूप घेऊन उभी होती. नवंकोरं. कुलपाचं बोलली त्याच दिवशी तिनं ते आणून ठेवलं होतं, हे मास्तरांना तेव्हा समजलं.

"काय झालं ते सांगा," ती म्हणाली.

"मला माहीत नाही," मास्तर म्हणाले. "मी प्यायलो नाही. मग असं का झालं, मला माहीत नाही."

बायकोचा हात थांबला. या माणसाला समुद्राचा तळ, चंद्राची पाठ आणि राजवाड्याचं स्वयंपाकघर, सगळं सगळं ठाऊक असायचं. 'माहीत नाही' हे शब्द तिनं त्याच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. तिनं कुलूप पिशवीत टाकलं, पिशवी खांद्याला लावली.

"टेम्पो वळव," ती भावाला म्हणाली. "दवाखान्यात."

डॉक्टरीणबाईंनी आधी मास्तरांना पलंगावर आडवं करून नाडी, रक्तदाब, छाती सगळं तपासलं, आणि धोका टळलाय म्हटल्यावरच मगकायला आत बोलावलं. मगकाय खुर्ची ओढून बसला. बायको पिशवी मांडीवर घेऊन भिंतीशी. मेहुणा दारात.

"आज विशेषणं बाहेर चपलांशेजारी ठेवा," मगकाय म्हणाला. "सकाळपासून सांगा."

"उठलो. गोळी घेतली. जीभ दाखवली."

"मग काय झालं?"

"शाळेत गेलो. खिडक्या लावल्या."

"मग?"

"लाख विरघळवली."

"कशात?"

"स्पिरिटमध्ये. मग गुंडी बुडवून..."

"हातानं?"

"नाही तर काय पायानं? बोटं भिजल्याशिवाय दाब कळत नाही."

मगकायनं डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. बाईंनी चष्मा काढला.

"बंद खोलीत? किती वेळ? पण तुमची तर तीन दुकानं आहेत ना? तुम्ही गल्ल्यावर बसता ना?"

"तीन दुकानं?" बायको भिंतीपासून सुटली. "कुणाची? कुठं? मला दाखवा तरी!"

मास्तर पलंगावर आक्रसून माशीएवढे झाले. "ते... टेबलाचे ओघळ बघून तोंडून गेलं," ते पुटपुटले.

डॉक्टरीणबाईंना हसू आलं, ते त्यांनी दाबलं आणि मग चांगलंच खडसावलं. स्पिरिट म्हणजे दारूच. बंद खोलीत तिची वाफ नाकातून गेली, उघड्या हातांतून कातडीत मुरली, आणि गोळीनं बोंब ठोकली. आणखी थोडा वेळ तिथं राहिले असते तर पियानोऐवजी मास्तरांनाच चौघांच्या खांद्यावरून न्यावं लागलं असतं.

"म्हणजे पोलिसानं निरपराध माणूस पकडला?" मेहुणा म्हणाला.

"पोलिसाचं काही चुकलं नाही. पत्ता यांनी चुकीचा दिला होता."

बायको खाली बसली. पिशवीतलं कुलूप खुर्चीवर आपटून खणकन वाजलं. मास्तरांच्या उघड्या पडलेल्या पायावर तिनं चादर ओढली.

"ही गोळी आजपासून बंद," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तिचा अंमल पुरता उतरेपर्यंत स्पिरिटच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही. आणि दारूच्याही नाही; गोळी बंद झाली तरी ती अजून अंगात आहे. त्यानंतर यकृत पुन्हा तपासून दुसरी देईन. ती वेगळ्या स्वभावाची. तलफेची धार कमी करते आणि दारूतली मजा काढून घेते. तिच्यानं चेहरा लाल होत नाही."

"म्हणजे लपून प्यायले तर समजणार कसं?" बायकोनं विचारलं.

"गोळीवरून नाही समजणार."

"मग?"

"यांना विचारावं लागेल."

"यांना?" मेहुणा खो खो हसला. मग एकटाच हसतोय हे लक्षात आल्यावर दाराच्या कडीशी चाळा करत बसला.

पुढचे दिवस मास्तरांनी मेणावर काढले. डॉक्टरीणबाईंच्या टेबलाचे ओघळ खरवडून त्याला मेण लावून दिलं, तेव्हाच त्यांची मळमळ खऱ्या अर्थानं थांबली. नवी गोळी सुरू झाली. मगकायबरोबर बसून त्यांनी शाळेच्या खोलीचा नकाशा काढला: खिडक्या उघड्या, तोंडाला मुखपट्टी, हातात मोजे, मधे मधे बाहेर फेरी. धुळीचं काय? तर चारी बाजूंनी ओल्या चादरी टांगायच्या. आणि तलफ आली तर? मगकायनं विचारलं, तसे मास्तर हसून म्हणाले, "ते मला बघू द्या."

कारण खिडकी उघडली की समोर काय दिसणार, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. समोर गुत्ता होता. हिरव्या दाराचा, ओळखीचा.

कामाचा पहिला दिवस. चादरी टांगल्या, खिडक्या उघडल्या. मोज्यांतून लाकूड बहिरं लागत होतं, पण मास्तरांनी मनगटाला ऐकायला शिकवलं. चेहरा गार. छाती शांत. स्पिरिटचा वास मात्र मुखपट्टीतूनही आला आणि सरळ घशात जाऊन बसला.

तलफ अशी आली, की पियानोच्या तारा आपोआप झणझणल्या. असं मास्तर सांगतात, आणि या बाबतीत त्यांच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. ती म्हणाली, "एकच." ती म्हणाली, "आता चुगली करणारं कुणी नाही." ती म्हणाली, "तीन दुकानांच्या मालका, तुला कोण अडवतो?" समोर हिरवं दार उघडलं, आतून ऊबदार हसणं बाहेर आलं. मास्तरांचा पाय उचलला गेला.

आणि नजर पियानोवर गेली. नुकताच दिलेला हात ओला होता, चिकट, लखलखता, 'ये, मला शीव' म्हणणारा. आयुष्यभर त्यांनी शिकाऊ माणसांची मनगटं धरून हेच सांगितलं होतं, की ओल्या हाताला बोट लावायचं नाही. पुसायचं नाही, फुंकायचं नाही, सारखं करायला जायचं नाही. हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. जे उडायचं ते आपणहून उडून जातं.

मास्तरांनी पाय खाली ठेवला. हात पाठीमागे बांधले. आणि तलफेकडे असं बघत उभे राहिले, जसं ओल्या पॉलिशकडे बघतात: तिरपी मान करून, उजेडात धरून. घशातून ती छातीत उतरली, पोटऱ्यांत आली, पुन्हा वर चढली, कानाशी ओरडली. मास्तर म्हणाले, "हात ओला आहे." ती आणखी ओरडली. मास्तर हलले नाहीत. मग तिचा आवाज चिरका झाला, मग घोगरा, मग तिनं दोन-तीनदा नुसता घसा खाकरला. पियानोवरचा हात सुकला तेव्हा मास्तरांच्या लक्षात आलं, की ती केव्हाच निघून गेली आहे आणि निरोपही घेतला नाही.

त्यांनी त्या सुकलेल्या लाकडावर बोट ठेवलं. ठसा उमटला नाही.

मास्तर रिकाम्या खोलीत इतक्या मोठ्यानं हसले, की गायनबाई धावत आल्या.

ती पुन्हा आली, अर्थातच. रोज आली. पण प्रत्येक वेळी जरा पातळ होऊन आली, आणि मास्तर तिची वाट बघायला लागले, जसा पहिलवान तालमीत जोडीदाराची बघतो. मगकायला ते येऊन सांगत, "आज आली होती. बसवून ठेवली. गेली." मगकाय पुढं सरसावून विचारी, "मग काय झालं?" आणि मास्तर ऐटीत म्हणत, "काही नाही!" त्यांच्या सगळ्या गोष्टींत मगकायला हीच सर्वांत आवडे.

पियानो सभागृहात न्यायच्या दिवशी मास्तर शेवटचं घासत होते. कोरडं फडकं, दोन्ही खांद्यांचं बळ, कपाळावरून घाम. मेहुणा टेम्पो घेऊन आला, बरोबर ताईलाही आणलं होतं. त्यानं दाजींकडे पाहिलं आणि जागीच थबकला.

"ताई! बघ. परत लाल."

खोलीत ओल्या चादरी हलल्या. खिडकीतून हिरवं दार दिसत होतं. बायकोनं ते पाहिलं, मास्तरांनी तिला पाहताना पाहिलं. ती जवळ आली. तिनं त्यांचा श्वास हुंगला नाही, जीभ वर करायला सांगितली नाही. तोंडात दोन टाचण्या होत्या, त्याही तशाच राहिल्या.

"प्यायलात?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली आणि भावाकडे वळली. "उभा काय राहिलास? उचल ती बाजू. आणि बोट लावू नकोस, फडकं घे."

मेहुण्यानं मुकाट्यानं फडकं घेतलं. मास्तरांना मात्र त्या दिवशी पियानो उचलवेना, डोळ्यांपुढं सगळं धूसर झालं होतं. घाम, ते म्हणाले. घामाचं मीठ.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. पियानोवर दिव्यांचा उजेड पडला तसा समोरच्या रांगेतल्या माणसांनी डोळ्यांवर हात घेतला. त्यानंतर काय झालं ते मास्तर आजही येईल त्याला सांगतात. वाजवणाऱ्या बाई आल्या, झाकणात त्यांना स्वतःचंच रूप दिसलं. दुसऱ्या कुणी जागा घेतली असं वाटून त्या नमस्कार करून परत निघाल्या. तीनदा आल्या, तीनदा गेल्या. शेवटी झाकणातल्या बाईनंच वाजवायला सुरुवात केली आणि बाहेरच्या बाईंनी तिला साथ दिली.

परवा ही गोष्ट ऐकून मेहुणा वैतागला. "दाजी, काय तरी मर्यादा! ताई, तू होतीस ना तिथं? सांग, खरं का हे?"

बायकोनं मशीन थांबवलं. तोंडातल्या टाचण्या एकेक काढून उशीत खोचल्या, सगळ्या. मास्तर श्वास रोखून बसले.

"खरं आहे," ती म्हणाली. "आणि यांनी कमी करून सांगितलं. चारदा परत गेली ती."